खो-खोला घालायचंय, पण कोणत्या मैदानावर?

सातवीतल्या एका मुलीच्या आईनं परवा मला गाठलं. "सर, गावात दोन मैदानं आहेत. एकाकडं कपाटभर चषक, दुसऱ्याकडचे सर नुसते वही घेऊन बसतात. लेकराला कुठं घालू?"

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारी खो-खोपटू सारिका काळे इथलीच. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत महिला खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे शेजारच्या बीड जिल्ह्यातली. खो-खोकडं इकडं शिक्षणाइतक्याच आशेनं बघतात.

दोन्ही मैदानांवर मी आठवडाभर जाऊन बसलो. चषकवाल्यांकडं पहाटे सहाला शिट्टी होते. उशीर झाला की पाच चकरा. सामना हरला की सगळ्यांसमोर उद्धार, जिंकला की बूट नाहीतर रोख बक्षीस. दम कसला बनतो तिथल्या पोरींचा! स्पर्धाही भरपूर मिळतात. वहीवाल्या सरांकडं दर मुलीच्या नावापुढं एकच आकडा असतो : संरक्षणाला उतरल्यावर ती किती सेकंद टिकली, आणि मागच्या आठवड्यात किती टिकली होती. बाद होऊन आलेल्या पोरीला ते विचारतात, "कुठं सापडलीस?" आणि तिलाच मातीत काडीनं रेघ मारून दाखवायला लावतात. उणीव अशी, की आळशी पोर तिथं महिनोन् महिने आळशीच राहते. कोणी रागवत नाही ना.

धाकाचं म्हणाल, तर त्याचा उपयोग होतो, पण सगळीकडं नाही. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना विजेचे झटके देऊन पाहिलं. सोपी निवड असली तर झटका जोरदार असताना उंदीर लवकर शिकले. निवड अवघड केली तर जोरदार झटक्यानं शिकणं उलट बिघडलं. मैदानावर हेच दिसतं. सरळ पळायचं असेल तर आरडाओरड्यानं वेग वाढतो. खांबावर सूर मारायचा किंवा ऐनवेळी चकवा द्यायचा, तर सरांचा आवाज कानात घुमणारी पोर नेमकी अर्धा क्षण उशीर करते.

बक्षिसाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तिथं मी स्वतः तोंडावर पडलोय. नवा नवा शिकवायला लागलो तेव्हा दर बाद केलेल्या गड्यामागं पाच रुपये लावले होते. पहिला आठवडा पोरी वाघासारख्या तुटून पडल्या. मग माझ्या ध्यानात आलं, खो देणंच बंद झालंय! पुढच्या पाटीवर बसलेली मैत्रीण दोन पावलांवर असायची, तिला खो दिला तर गडी तिचा, पाच रुपयेही तिचेच. म्हणून जी ती एकटीच खांबापर्यंत धावायची आणि गडी खांबाला वळसा घालून निसटायचा. पुढच्या हंगामात पैसे बंद केले, तर एकीनं सरळ विचारलं, "सर, यंदा फुकट पळायचं?"

तिचा तो प्रश्न पुढं एका प्रयोगाबद्दल वाचताना आठवला. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधीच कबूल केलं, चित्र काढलं की प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अवचित दिलं, काहींना दिलंच नाही. आठ-पंधरा दिवसांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तर कबुली मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांत रमली. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

म्हणून बक्षीसच वाईट, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि दोन वर्षं पाऊस दडी मारतो तेव्हा त्या ५ टक्क्यांची किंमत शहरातल्या माणसाला कळायची नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला. शर्यतीचं धावणं त्यानं तिथं गेल्यावर धरलं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं सुवर्ण त्याचं सेकंदाच्या पाच शतांशानं हुकलं, रौप्य मिळालं. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी इथं उपयोगी फरक सांगितलाय : बाहेरचं कारण माणसानं समजून उमजून आपलंसं केलं, तर तेही दीर्घकाळ टिकतं. 'मला पोलिसात जायचंय' हे पोरीच्या तोंडून आलं तर वेगळं, बापाच्या तोंडून आलं तर वेगळं.

त्या आईला मी सांगितलं, बारा वर्षांची आहे तोवर वहीवाल्यांकडं घाला. खांब, चकवा, बैठक ही कौशल्यं याच वयात बसतात आणि ती धाकानं बसत नाहीत. पंधरा-सोळाव्या वर्षी तिची तिलाच स्पर्धेची भूक लागली, तर खुशाल चषकवाल्यांकडं न्या. तोवर शिव्या पचवायला कातडी थोडी जाड झालेली असेल. तुमची पोर मुळातच भांडकुदळ, हरली की जेवत नाही अशी असेल तर आत्ताच तिकडं पाठवलं तरी चालेल. चुरशीनं सगळी मुलं खुलत नाहीत, हे १८९८ मध्येच ट्रिपलेट या मानसशास्त्रज्ञानं पाहून ठेवलंय : मासेमारीची गरारी फिरवणाऱ्या ४० मुलांपैकी जोडीदार शेजारी असताना २० जणांचा वेग वाढला, १० जणांचा उलट मंदावला, बाकी १० जणांना फारसा फरक पडला नाही.

फीमध्ये दोन्हीकडं फार फरक नाही. बूट मात्र कोणाच्याही आग्रहावरून लगेच घेऊ नका, पाय वाढताहेत. आणि एकदा मुद्दाम हरलेल्या सामन्याच्या दिवशी जाऊन बसा, सामना संपल्यावरची दहा मिनिटं. आई म्हणाली, जिंकलेल्या दिवशी गेले तर नाही का चालायचं? म्हटलं, त्या दिवशी दोन्हीकडं पेढेच मिळतील.