हाका की मचाण : हरणाच्या शिकारीचे निमंत्रण आलेल्यासाठी

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून नोकरीसाठी पेनसिल्व्हेनियात गेलेल्या भाच्याला नोव्हेंबरअखेरच्या हंगामात सहकाऱ्यांनी हरणाच्या शिकारीला बोलावले आहे. हाक्यात सामील व्हावे की मचाणावर बसावे, असे त्याने मला विचारले. भारतात या प्रश्नाला जागाच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या दुसऱ्या कलमातील शिकारीच्या व्याख्येत जनावर हाकणेही स्पष्टपणे मोडते. त्यामुळे एके काळी शिंदे सरकारांचे शिकारीचे रान असलेल्या आणि आता माधव राष्ट्रीय उद्यान झालेल्या शिवपुरीच्या जंगलात नुसते हाकारे घालून चितळ उठवले, तरी तो गुन्हाच ठरतो. पुढचे सारे विवेचन शिकार जिथे कायद्याने चालते तिथल्यापुरतेच आहे.

हाक्यात माणसांचे दोन गट पडतात : एक गट रानाच्या एका टोकापासून ओळीने चालत येतो आणि दुसरा, जनावर जिथून बाहेर पडेल अशा नाक्यांवर बंदुका घेऊन उभा राहतो. मचाणावर मात्र एकच माणूस वाऱ्याची दिशा पाहून तासन्‌तास बसून असतो. दाट झुडपांत दिवसभर दडून राहणारे हरीण हाक्याने तासाभरात बाहेर येते, त्यामुळे ज्याच्या हाताशी सुट्टीचा एकच दिवस आहे त्याला हाक्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहता दोन्हींतला खरा फरक गोळी कुठे जाऊन थांबते, यात आहे. उंचावरून सोडलेली गोळी हरणाला लागो वा न लागो, बहुधा जमिनीत रुतते. सपाटीवर उभे राहून पळत्या जनावरावर झाडलेली गोळी चुकली, तर ती जनावराच्या मागे जे असेल त्याला लागते, आणि हाक्यात जनावराच्या मागे माणसेच असतात. उंच कोनात सुटलेली मोठ्या रायफलची गोळी चार-चार किलोमीटर जाऊ शकते. माझे आजोबा संस्थानी काळात शिवपुरीकडच्या हाक्यांमध्ये हाकाऱ्यांची मजुरी लिहीत असत. वाघाच्या हाक्यापेक्षा सांबराच्या हाक्याची आपल्याला अधिक धास्ती वाटे, असे ते सांगत; कारण वाघासाठी पाहुणे मचाणावर चढत आणि सांबरासाठी जमिनीवरच उभे राहत. एकदा एका हाकाऱ्याच्या मांडीतले छर्रे गावच्या न्हाव्याने काढले, आणि त्या दिवशी त्याच्या नावापुढे दोन आणे जादा मांडले गेले. ती नोंद आजोबांच्याच हातची होती, आणि ती सांगताना ते नेहमी थोडे अडखळत.

म्हणून मचाण निर्धोक आहे, असे मात्र समजू नये. अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या अपघातांत झाडावरच्या बैठकीवरून पडणे हे फार मोठे कारण आहे, आणि बहुतेकजण चढता-उतरताना किंवा पेंगताना पडतात. पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत अंगभर पट्टा बांधलेला असावा, आणि बंदूक रिकामी करून नंतर दोरीने वर ओढावी. तरीही या दोन धोक्यांत एक भेद उरतोच : मचाणावर चूक करणारा आणि ती भोगणारा बहुधा एकच असतो, हाक्यात तसे नसते.

नैतिक बाजू मला याहून गुंतागुंतीची वाटते. उभ्या, बेसावध हरणाच्या काळजा-फुप्फुसावर गोळी बसली तर ते फार तर शंभर-दीडशे पावले धावून पडते. जिवाच्या आकांताने पळणाऱ्या हरणावर तीच गोळी हातभर मागे, पोटात लागते, आणि पोटात गोळी लागलेले हरीण तासन्‌तास तडफडते. शिवाय पळताना ते नर आहे की मादी, मागे पाडस आहे का, हे पाहायला क्षणभरही मिळत नाही. दमछाक होऊन पडलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर आधीच संपलेली असल्याने मांस काळसर आणि चिवट होते व लवकर नासते. ज्याला शिकार खाण्यासाठी करायची आहे त्याने एवढ्यासाठी तरी विचार करावा. उलट, मक्याचे दाणे पसरून वर दबा धरून बसणाऱ्याने हाकेवाल्याला नीतीचे धडे द्यावेत, हेही मला पटत नाही. हाक्यात निदान हरणाला माणसाची चाहूल तरी लागलेली असते. जर्मनीत संथ हाक्याची रीत आहे : मोजकी माणसे रानातून सावकाश फिरतात, हरीण न उधळता आपल्या नेहमीच्या वाटेने चालत येते, आणि बंदूकवाले ठरल्या जागेवरून हलत नाहीत. हाका घालायचाच असेल, तर तो असा असावा.

कायदा राज्यागणिक बदलतो. अमेरिकेच्या मेन राज्यात तीनपेक्षा अधिक माणसांनी मिळून हरीण हाकणे बेकायदेशीर आहे. पेनसिल्व्हेनियात मात्र एका टोळीत पंचवीस जणांपर्यंत मुभा आहे, पण वस्तीच्या घरांपासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय गोळी झाडणेच नव्हे तर जनावर उठवणेही चालत नाही, आणि डोके, छाती व पाठ मिळून २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड सर्व बाजूंनी दिसले पाहिजे. नोकरीच्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला तिथे बंदूक हाताळायला सहसा बंदी असते. वैध शिकार-परवान्यामुळे तिच्यातून सूट मिळते, तेव्हा आधी प्रशिक्षण घेऊन परवाना काढावा आणि मगच निमंत्रण स्वीकारावे.

माझे मत मचाणाकडे झुकते, आणि पहिल्याच हंगामातल्या माणसासाठी तर ते निःसंदिग्ध आहे, कारण मचाणावर गोळी न झाडण्याचा निर्णय घ्यायला वेळ मिळतो. सहकाऱ्यांना नाही म्हणणे जड जात असले, तरी बंदूक न घेता नुसता हाकारा होतो, असे म्हणून भाच्याने हाकाऱ्यांच्या ओळीत चालू नये. सर्वांत असुरक्षित जागा तीच. निघण्यापूर्वी त्याने टोळीच्या म्होरक्याला दोनच गोष्टी विचाराव्यात : प्रत्येक बंदुकीचा रोख कोणत्या दोन खुणांच्या आत राहणार आहे, आणि हाकारे कितपत जवळ आले की गोळीबार थांबणार आहे. नकाशावर बोट ठेवून याचे उत्तर मिळाले नाही, तर त्या दिवशी त्याने स्वयंपाकाची जबाबदारी घ्यावी.