शेव-नमकीनसाठी तेलात विरघळणारे खारे-चटकदार फ्लेवर: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यानंतरचा अनुभव

इंदूरमध्ये शेवेचा छोटा कारखाना चालवणाऱ्यांकडे आणि घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांकडे सध्या फ्लेवरच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत: लसूण, पुदिना, चीज, लिंबू-मिरची. तिन्ही ऋतूंत वापर झाल्यावर आमचं मत पक्कं झालं आहे. बाटलीतून वास मिळतो. खारटपणा, आंबटपणा आणि जिभेवर रेंगाळणारी चव पावडरीतूनच आणावी लागते. मिठाला वास नसतो आणि ते तेलात विरघळतही नाही, त्यामुळे 'सॉल्टी फ्लेवर' लिहिलेली बाटली कितीही ओतली तरी शेव अळणीच लागणार. बऱ्याच तक्रारींचं मूळ इथंच आहे.

सगळ्यात आधी बाटलीतला फ्लेवर कोणत्या द्रवात बनवला आहे ते पाहा. शरबत-मिठाईचे एसेन्स बहुतेक प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये असतात. ते पाण्यात मिसळतात, तेलात मिसळत नाहीत. असा एसेन्स तेलात फेटून शेवेवर मारला तर त्याचे बारीक थेंब वेगळेच राहतात आणि एका घासाला झणका लागतो, पुढचा घास कोरा जातो. तपासणी सोपी आहे. काचेच्या पेल्यात नऊ भाग सूर्यफूल तेल आणि एक भाग फ्लेवर ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी तेल गढूळ दिसलं किंवा तळाशी थर दिसला, तर तो माल तेलाच्या कामाचा नाही. ग्लायकॉल तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं. इंदूरच्या सियागंज बाजारातून घेताना 'ऑइल सोल्युबल' एवढं विचारून थांबू नका. स्पेसिफिकेशनचा कागद आणि बॅच नंबर मागा. सुटा, लेबल नसलेला फ्लेवर घेऊच नका. आपल्याकडच्या खाद्य नियमांत फ्लेवरसाठी डायइथिलीन ग्लायकॉल द्रावक म्हणून वापरायला बंदी आहे, आणि बिनलेबलच्या बाटलीत काय आहे हे कोण सांगणार?

फ्लेवर पिठात घालू नये. कढईतलं तेल 170-180 अंशांवर असतं. पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडताना वासाचे घटक सोबत घेऊन जातं. भट्टीभोवती घमघमाट सुटतो आणि शेवेत काही उरत नाही. शिवाय थोडा वास कढईतल्या तेलात उतरतो, मग पुढच्या साध्या शेवेच्या घाण्यालाही लसणाचा वास येतो. हळद, ओवा, लवंग, हिंग पिठात ठीक. बाटलीतलं सगळं तळणीनंतर.

आम्ही दहा किलोच्या घाण्याला जे प्रमाण धरतो ते असं. पिठात नेहमीपेक्षा कमी मीठ, तयार मालाच्या 0.8 टक्क्यांच्या आसपास. शेव निथळून 50-60 अंशांवर आली की ड्रममध्ये घ्यायची. याहून गरम असेल तर वास उडतो, आणि पार गार झाली तर पावडर धरत नाही, सगळी ड्रमच्या तळाशी जमते. फवाऱ्यासाठी 150 ग्रॅम तेल पुरतं, कारण तळलेल्या शेवेला स्वतःचं तेल असतंच. भाजलेले पोहे, कुरमुरे किंवा मखाणे असतील तर 400 ते 500 ग्रॅम लागतं. या तेलात लसणाचा फ्लेवर 10 ग्रॅम, म्हणजे तयार मालाच्या 0.1 टक्का. कंपनीने शिफारस केलेल्या मात्रेच्या खालच्या टोकापासून सुरुवात करावी, कारण वास वाढवता येतो, काढता येत नाही. वरून चाळलेली पावडर: बारीक मीठ 90 ग्रॅम, आमचूर 100 ग्रॅम, पिठीसाखर 60 ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 30 ग्रॅम, रंगापुरतं तिखट 40 ग्रॅम. आधी तेल, मग पावडर. ड्रम मिनिटाला आठ-दहा फेऱ्यांनी दोन मिनिटं फिरवला की झालं. जास्त फिरवलं तर बारीक शेवेचा चुरा होतो आणि चुऱ्यालाच सगळा मसाला लागतो.

मीठ किती दळलं आहे यावर फार काही ठरतं. नेहमीचं टेबल मीठ जिभेवर पूर्ण विरघळायच्या आत घास गिळला जातो. तेच मीठ पिठासारखं दळून 150 मेशच्या (इंचात 150 छिद्रांच्या) चाळणीतून काढलं की तेवढ्याच वजनात जास्त खारट लागतं. म्हणजे मीठ कमी घालूनही चव टिकते. दळलेलं मीठ लगेच गोळा होतं, म्हणून त्याच दिवशी वापरावं.

मिरचीचं ओलिओरेझिन, म्हणजे मिरचीचा घट्ट अर्क, हा आम्हाला सगळ्यात जास्त पटलेला भाग. दाट, लालसर, चिकट द्रव असतो. 10 लाख स्कोव्हिल (तिखटपणाचं माप) तिखटपणाचा माल साधारण मिळतो. हिशोब असा करा: 35 हजार स्कोव्हिलचं गुंटूर तिखट 200 ग्रॅम म्हणजे 70 लाख एकक, तेवढंच काम 7 ग्रॅम ओलिओरेझिन करतं. तिखटाची भुकटी घशाला लागत नाही आणि तिखटपणा बॅचनुसार बदलत नाही. पण 7 ग्रॅम थेट 150 ग्रॅम तेलात ओतलं तर त्याची गुठळी भांड्याला चिकटून बसते. तेल 45-50 अंशांपर्यंत कोमट करायचं, ओलिओरेझिनच्या नऊपट तेलात आधी मिसळून घ्यायचं आणि हे मिश्रण वजन करून वापरायचं. 70 ग्रॅम मिश्रण म्हणजे 7 ग्रॅम ओलिओरेझिन. थेंबांनी कधी मोजू नका, कारण दाट द्रवाचा थेंब प्रत्येक वेळी वेगळा पडतो. 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर हे काम करूच नये. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवा. हाताला लागलं तर आधी खाण्याचं तेल चोळून पुसायचं, मग साबण. नुसत्या पाण्याने आग पसरते.

फ्लेवरनिहाय अनुभव एकसारखा नाही. लसूण आणि पुदिना तेलातून उत्तम येतात. हिंग बाटलीतून घेण्यापेक्षा चांगला बांधानी (पीठ-डिंक मिसळलेला) हिंग तेलात फुलवून घेतलेला बरा. लिंबाचं तेल निराश करतं: त्यातलं लिमोनीन हवेने खराब होतं आणि काही आठवड्यांत पाकिटाला टर्पेंटाइनसारखा वास येतो. लिंबाला स्प्रे-ड्राय (फवारून वाळवलेली) पावडर आणि सायट्रिक अॅसिड वापरा. चीजही पावडरीतच चांगलं लागतं, कारण नुसत्या फ्लेवरमध्ये आंबूस वास असतो, दुधाचा भरीव स्वाद नसतो. जिरावणाच्या (इंदूरकडचा चटकदार मसाला) चवीची शेव करणाऱ्यांनी एक गोष्ट सांभाळावी. काळ्या मिठाचा गंध त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा असतो. दमट हवेत तो आमचूर-सायट्रिकच्या आंबटाजवळ आला की जोरात सुटतो, आणि पाकीट फोडताच उकडलेल्या अंड्याचा भपकारा येतो. काळं मीठ अगदी शेवटी, कोरडं, आणि पाकीट लगेच बंद.

पावसाळ्यात पावडरींनी खरी परीक्षा घेतली. माल्टोडेक्स्ट्रिनवर (वासाभोवती आवरण करणारी स्टार्चची भुकटी) वाळवलेला फ्लेवर ओल धरला की गोळा होतो. तो फोडून चाळला तरी जुना वास परत येत नाही, कारण ओल लागताच आवरण सैल पडतं आणि आतला वास निघून जातो. म्हणून 5 किलोची पिशवी स्वस्त पडली तरी 1 किलोचीच घ्यावी, आणि मसाला मिसळायचं काम पाऊस चालू असताना उघड्या शेडमध्ये करू नये. थंडीत अडचण वेगळी: पामोलीन 10 अंशांच्या आसपास गढुळतं, आणि इंदूरला डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एवढं तापमान उतरतं. सकाळी फवाऱ्याचं तोंड बुजलेलं सापडतं. फवाऱ्यापुरतं सूर्यफूल तेल घेतलं की हा प्रश्न मिटतो. उन्हाळ्यात बाटल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. गडद काचेची किंवा अॅल्युमिनियमची बाटली, गार जागा, आणि लसूण-कांदा वेगळ्या डब्यात, नाहीतर पुदिन्यालाही लसणाचा वास लागतो. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत लसूण शेव भरली तर वास पिशवीतून बाहेर जातो. मेटलाइज्ड लॅमिनेट घ्या.

फवारणीच्या जागी हवा खेळती असणं हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. बाटलीला नाक लावून वास घेण्याची सवय मोडा, कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन हुंगा. बटर-चीजच्या फ्लेवरमध्ये डायअॅसिटिल हे लोण्याचा वास देणारं रसायन असू शकतं. अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यात काम केलेल्या आठ जणांचा फुप्फुसांचा गंभीर आजार 2000 साली पुढे आला आणि तपासाचा रोख बटर फ्लेवरच्या वाफेकडे गेला. या आजारात श्वासनलिकेच्या बारीक शाखा कायमच्या आकसतात आणि ते नुकसान भरून निघत नाही. तिथल्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने 2016 मध्ये हवेतल्या डायअॅसिटिलची शिफारस केलेली मर्यादा दिली ती एक अब्जात 5 भाग इतकी खाली आहे. 'डायअॅसिटिल-फ्री' लेबलवर विसंबू नका, कारण बदली म्हणून वापरलं जाणारं 2,3-पेंटेनडायोनही तसंच घातक आहे. ड्रमवर एक्झॉस्ट, फवाऱ्याजवळ मास्क, आणि गरम तेलात बटर फ्लेवर मिसळणं बंद.

याच कारणाने हे फ्लेवर ई-सिगारेटमध्ये किंवा हुक्क्यात घालायचं विचारणाऱ्याला सरळ नाही म्हणा. ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री आणि साठवण भारतात 2019 च्या कायद्याने बंद आहे. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही. कायदा बाजूला ठेवला तरी खारी चव त्या रस्त्याने सुरक्षित येत नाही. ई-सिगारेटच्या द्रवातलं प्रोपिलीन ग्लायकॉल 188 अंशांवर उकळतं, ग्लिसरीन 290 वर, आणि मीठ तर 801 अंशांवर नुसतं वितळतं. म्हणजे मिठाची वाफ होत नाही, ते तापणाऱ्या तारेवर साचून जळकट होतं. तेलातला फ्लेवर श्वासातून गेला तर तेलाचे थेंब फुप्फुसात बसून न्यूमोनिया होऊ शकतो. 2019 मध्ये अमेरिकेत अशाच तेलकट व्हिटॅमिन ई अॅसिटेटशी जोडलेल्या आजाराने दोन हजारांहून जास्त माणसं रुग्णालयात गेली आणि अनेकांचा जीव गेला. फ्लेवरला दिलेली 'खाण्यास सुरक्षित' ही मान्यता पोटापुरती असते. फुप्फुसासाठी ती कोणी तपासलेलीच नसते.

उपासाचा आणि जैन ग्राहकांचा माल सकाळी धुतलेल्या, कोरड्या ड्रममध्ये सगळ्यात आधी काढा. लसणाचं तेल ड्रमच्या सांध्यात राहतं, नुसत्या फडक्याने जात नाही. चव वाढवायला घालतात ते हायड्रोलाइज्ड प्रोटीन गहू किंवा सोयाबीनपासून बनलेलं असू शकतं, त्यामुळे उपासाच्या मालात ते चालणार नाही, आणि इतर मालाच्या लेबलवर अॅलर्जीच्या यादीत लिहावं लागतं. आयएनएस 631 हे चव वाढवणारं द्रव्य शाकाहारी स्रोताचं आहे, असं पुरवठादाराकडून लेखी घ्या, कारण ते मांस-मासळीपासूनही बनवता येतं. चीज पावडर असेल तर दूध लिहा, आणि फ्लेवर नैसर्गिक आहे, निसर्गसदृश आहे की कृत्रिम, ते पाकिटावर छापा.