कॉर्नकॉब बेडिंग: पिंजरा कोरडा राहतो, पण माद्यांचं माजचक्र बिघडलं

पुण्यातल्या एका ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगांसाठी प्राणी ठेवतात तिथे, मी उंदरांची देखभाल करते, यंदाचं अकरावं वर्ष. इतकी वर्षं पिंजऱ्यात आम्ही भाताचं तूसच घालत होतो. गेल्या पावसाळ्यात तुसाच्या गोण्यांना ओल धरायला लागली, म्हणून एका पुरवठादाराकडून कॉर्नकॉब मागवलं. कणसाचे दाणे काढल्यावर जो कोरडा दांडा उरतो, तो भरडून, चाळून हे बेडिंग करतात. सात महिने वापरल्यावर लिहिते आहे.

चांगलं आधी सांगते. मूत पटकन शोषतं, अमोनियाचा उग्र वास कमी येतो, धूळ फारशी नाही. तुसाने मला शिंका यायच्या, त्या थांबल्या. पिंजरे धुवायलाही सोपं.

पण आमच्याकडे माद्यांच्या वासाच्या चाचण्या चालतात. फिल्टर पेपरवर नराच्या मुताचा थेंब टाकायचा, मादी तिथे किती वेळ हुंगते ते स्टॉपवॉचवर मोजायचं. एस्ट्रसमधली, म्हणजे माजावर आलेली मादी कागदाला नाक चिकटवून बसते, मिशा थरथरत असतात. तीच मादी दोन दिवसांनी डायएस्ट्रसमध्ये, म्हणजे माज ओसरल्यावर, त्याच थेंबावरून सरळ चालत जाते. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी 2015 साली याचं कारण दाखवलं. डायएस्ट्रसमध्ये प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि नाकातल्या व्होमेरोनेझल नावाच्या वेगळ्या गंधेंद्रियातल्या, नराचे काही फेरोमोन (गंधातून संदेश देणारी रसायनं) ओळखणाऱ्या पेशींना ते गप्प करतं. संदेश मेंदूपर्यंत जातच नाही. मांजराचा सुगावा घेणाऱ्या पेशी मात्र चक्रभर जाग्याच असतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ पिंजऱ्यांकडे बघत बसले होते.

म्हणूनच आमचं सगळं काम मादी आज माजचक्राच्या कुठल्या दिवसात आहे यावर उभं असतं. हे चक्र चार-पाच दिवसांचं. रोज सकाळी स्मिअर, म्हणजे मादीच्या योनीतल्या पेशींचा नमुना, घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघते. चपट्या, केंद्रक नसलेल्या पेशींचा थर दिसला की एस्ट्रस, बारीक पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली की डायएस्ट्रस. कॉर्नकॉब आल्यावर दुसऱ्या महिन्यापासून काही माद्यांच्या स्लाइडवर आठवडाभर तेच ते चित्र दिसायला लागलं. खाद्य तेच होतं, दिव्यांची वेळही तीच. आधी मला वाटलं, माझ्याच नोंदी चुकताहेत. दोन वह्या पुन्हा तपासल्या, चूक सापडली नाही.

मग कळलं की ही गोष्ट नवी नाही. मक्याच्या कणसात टेट्राहायड्रोफ्युरानडायोल नावाची संयुगं असतात. त्यांनी मादी रॅटचं (प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदराचं) चक्र आणि नरांचं समागमाचं वर्तन बिघडतं, हे 2002 सालीच छापून आलं आहे. उंदीर हे तुकडे कुरतडतातही, मी रोज बघते. पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, सगळीकडे हेच जातं, कुणाची तक्रार नाही." गोणीवर आर्द्रता आणि दाण्याचा आकार छापलेला आहे, या संयुगांबद्दल अक्षर नाही. याचा मला खरंच राग आला. एका चुकीच्या गोणीमुळे कितीतरी जनावरांवरची चाचणी वाया जाते, आणि ती जनावरं परत येत नाहीत.

तुसावर परत गेल्यावर तीनेक आठवड्यांत बहुतेक माद्या पुन्हा ठरल्या दिवशी माजावर यायला लागल्या.

माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. संप्रेरकं, वास किंवा समागमाच्या वर्तनावर काम नसेल, तर बिनधास्त घ्या, स्वच्छतेला उत्तम आहे. त्या कामासाठी मात्र घेऊ नका. आणि आधीच घेतलं असेल, तर पिंजऱ्याच्या कार्डावर बेडिंग कधी बदललं ती तारीख लिहून ठेवा. मी लिहिली होती, म्हणून बेडिंग बदलण्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदींमधला फरक मला सापडला.