ग्लॅडिएटरचं किट: सुई-दोऱ्याच्या नजरेतून

भाच्याने अर्धवट सोडलेलं, सुटे भाग जोडून करायच्या छोट्या विमानाचं किट माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाला, "मावशी, आता फक्त तारा ओवायच्या राहिल्यात, तुला जमेल." फक्त तारा राहिल्यात हे खोटं होतं. वरचा पंखच बसवलेला नव्हता. पण बत्तीस वर्षं शिवणकाम केलेल्या बाईला ओवायच्या कामावरून डिवचलं की ती मागे हटत नाही, हे त्याला बरोबर ठाऊक आहे.

किट ग्लॉस्टर सी ग्लॅडिएटरचं, म्हणजे ग्लॅडिएटर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या नौदलासाठीच्या प्रकाराचं, १:७२ मापाचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण साचा जुना आहे आणि तोच साचा वेगवेगळ्या पेट्यांत घालून विकतात असं भाचा सांगतो. खऱ्या विमानाचा पंख टोकापासून टोकापर्यंत पावणेदहा मीटरच्या थोडा वर, त्यामुळे मॉडेल साडेतेरा सेंटिमीटरचं होतं. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो आकार, आणि तो छान उतरलाय. गोल नाक, त्यात नऊ सिलिंडरचं मर्क्युरी इंजिन, आडव्या दांड्याशिवाय सरळ खाली येणारे चाकांचे पाय, वैमानिकाच्या डोक्यावर काचेची बंद टोपी. ब्रिटिश हवाई दलाचं शेवटचं दुपंखी लढाऊ विमान म्हणजे ग्लॅडिएटर. नमुना पहिल्यांदा उडाला सप्टेंबर १९३४ मध्ये, तुकडीत आलं १९३७ च्या सुरुवातीला, आणि मधल्या काळात, नोव्हेंबर १९३५ मध्ये, एकपंखी हरिकेनचा नमुना उडूनही झाला होता. म्हणजे नवं कोरं आलं तेव्हाच जुनं झालेलं.

आता माझी मुख्य तक्रार. पंखांवरचं कापड. साचा करणाऱ्याने पंखाच्या सांगाड्यातल्या दोन पट्ट्यांच्या मधे कापड असं लोंबवलंय की वाटावं, पावसात भिजलेली चादर दोरीवर टाकली आहे. विमानाचं लिनन तसं नसतं हो. ते सांगाड्यावर चढवून पट्ट्यांशी टाके घालून बांधतात, मग वर डोप नावाचा रोगणासारखा द्रव चोपडतात. तो वाळताना कापड आवळून घेतो, इतकं की टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजावं. पट्टीपाशी हलका उंचवटा दिसतो, त्यावर टाके झाकणारी फीत दिसते, बस. या किटमध्ये खड्डा निदान अर्धा मिलिमीटर आहे. बहात्तरने गुणा, साडेतीन सेंटिमीटर होतात! एवढा झोळ मी उशीच्या अभ्र्यालाही ठेवला नसता. दोन संध्याकाळी पाणी लावून बारीक सॅंडपेपरने घासले तेव्हा पंख बघण्यासारखे झाले.

वरचा पंख बसवणं हा या किटचा कस आहे. धडावरचे चार छोटे खांब आणि बाहेरचे चार, आठही एकदम जागेवर यायला हवेत, आणि वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे. माहितीपत्रकात यासाठी एक बाण काढलाय. फक्त बाण! मी कागदावर बाजूची आकृती छापून तिच्यावरून जाड पुठ्ठ्याचे दोन साचे कापले, पंख त्यांत अडकवला आणि रात्रभर तसाच ठेवला. रंग आधीच देऊन घ्या, नंतर मधे कुंचला जात नाही. तारांची भोकंही पंख सुटे असतानाच पाडा.

मग तारा. भाच्याने दिलेला नायलॉनचा धागा ताणला की खांब वाकायचा, सैल सोडला की झोळ पडायचा. शेवटी स्ट्रेच कापडाच्या चिंधीतून लायक्राचा तलम धागा उसवून काढला. किंचित ताणून चिकटवला की आपोआप सरळ राहतो, चुकून बोट लागलं तरी परत जागेवर येतो. खऱ्या तारा गोल नसून चपट्या असत, कडेने पातळ, हवा कापायला सोप्या. धडाच्या बुडापासून बाहेर वरच्या पंखाकडे जाणाऱ्या तारा उडताना पंखांना वर उचकटू देत नाहीत, आणि उलट्या तिरक्या तारा जमिनीवर पंखांचा भार पेलतात. हे ओवता ओवता कळलं. वेग कुठे गेला तेही कळलं: एवढे खांब, एवढ्या तारा, सगळ्यांनी वारा अडवायचा, आणि ८०० हून जास्त अश्वशक्तीचं इंजिन असून हातात ताशी सुमारे ४०० किलोमीटर.

पेटीवर माल्टाचं, भूमध्य समुद्रातल्या तेव्हाच्या ब्रिटिश बेटाचं, चित्र आहे, तीन विमानं, खाली फेथ, होप आणि चॅरिटी अशी नावं. चित्र झकास, पण नावं नंतरची आहेत आणि विमानंही तीनच नव्हती. ती नौदलाची होती, पेट्यांत बंद करून बेटावर ठेवलेली. तिथेच पेट्या फोडून जोडली, म्हणजे त्यांनाही आमच्यासारखंच सुटे भाग बघत बसावं लागलं. इटलीने १० जून १९४० ला युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी बॉम्ब पडायला लागले. इटालियन बॉम्बफेकी विमानं यांच्यापेक्षा वेगवान, त्यामुळे आधीच वर चढून थांबायचं आणि खाली झेप घ्यायची. त्यांतल्या एन५५२० क्रमांकाच्या विमानाचं धड आजही व्हॅलेटाच्या युद्ध संग्रहालयात आहे. पंख नाहीत.

किटमध्ये नॉर्वेत लढलेल्या ब्रिटिश तुकडीची चिकटवायची चिन्हंही आहेत. ती लावायला माझा हात धजावला नाही. त्या २६३ क्रमांकाच्या तुकडीची अठरा ग्लॅडिएटर एप्रिल १९४० मध्ये गोठलेल्या लेस्यास्कोग तळ्यावर उतरली. सकाळी कार्ब्युरेटर गोठलेले, इंजिनं सुरू होईनात, आणि वरून जर्मन बॉम्ब. संध्याकाळपर्यंत बहुतेक विमानं गेली होती.

रंगाची एक गोष्ट पत्रकात अगदी बरोबर दिली आहे, तिथे कंपनीला शाबासकी. खालच्या पंखाच्या वरच्या बाजूला तेच रंग, पण एक छटा फिके. वरच्या पंखाची सावली पडते ना. चिन्हं पातळ आहेत, पाण्यात फार वेळ ठेवू नका, गुंडाळतात.

दुपंखी मॉडेल पहिल्यांदाच करणार असाल तर हे घेऊ नका, इटालियन फियाट सीआर ४२ घ्या. तिचे खांबच तिरके एकमेकांना टेकलेले, पंखांमधे तारा नाहीत. माझी पुढची तीच.

आणि हो, नाकावर फिरणारा पंखा. पेटीत दोन पात्यांचा लाकडी दिलाय, तो पहिल्या ग्लॅडिएटरचा. सी ग्लॅडिएटरला तीन पात्यांचा धातूचा लागतो. भाचा म्हणतो, कोण बघतंय? मी बघते. त्याच्या मोडक्या मॉडेलांच्या डब्यात तीन पात्यांचा एक सापडलाय, पण दोन मिलिमीटर मोठा आहे. तो घासून होईपर्यंत विमान कपाटावर बिनपंख्याचं उभं राहील.