रायफलचं लोड बसवताना: छापील मॅन्युअल की क्विकलोड-जीआरटी?

इथे अमेरिकेत रीलोडिंगला, म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळीत (केस) नवा प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर (दारू) आणि बुलेट बसवून घरीच काडतूस बनवायला, नव्याने लागलेली आपली मंडळी हमखास विचारतात, की क्विकलोड किंवा जीआरटी (काडतुसातला दाब आणि बुलेटचा वेग गणिताने काढणारे संगणक प्रोग्राम) घेतलं तर हॉर्नडी-सिएरा या बुलेट कंपन्यांची, किती पावडर घालायची याचे तक्ते देणारी जाडजूड मॅन्युअलं कपाटात टाकायची का? मी दोन्ही वापरतो. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

प्रोग्रामची बाजू लंगडी मुळीच नाही. मॅन्युअलमधला वेग बहुधा २४ इंची नळीचा, आणि आपली रायफल २० इंची. हा हिशोब प्रोग्राम चुटकीसरशी करतो. सबंध तांब्याची बुलेट त्याच वजनाच्या शिसेवाल्या बुलेटपेक्षा लांब असते, केसमधली जागा खाते आणि दाब वाढवते. सीटिंग (बुलेट केसमध्ये बसवणं) थोडी खोल केली तर काय होईल, हे पडद्यावर पाहून जे समजतं ते पुस्तकातल्या तक्त्यावरून समजत नाही. २०२० नंतरच्या टंचाईत दुकानात मिळेल ती पावडर उचलावी लागायची आणि नेमकी तीच मॅन्युअलमध्ये नसायची. त्या काळात अनेक जण प्रोग्रामकडे वळले.

माझं घोडं अडलं ते केसच्या पोटात किती पाणी मावतं, या एका आकड्यावर. .३०८ या रायफल काडतुसासाठी प्रोग्राम ५६ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) आसपासचा आकडा आधीच भरून ठेवतो, आणि बहुतेक जण तो तसाच राहू देतात. सैनिकी पितळ जाड, त्यात पाणी कमी मावतं. पातळ पितळात जास्त. दोन-तीन ग्रेनचा हा फरक दाबात काही हजार पीएसआयने (चौरस इंचावर पौंड) दिसतो. साआमी या अमेरिकी मानक ठरवणाऱ्या संस्थेची .३०८ ची दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे, म्हणजे तेवढ्यात सुरक्षिततेची सगळी मोकळीक संपू शकते. पडद्यावर मात्र दाब अगदी शेवटच्या अंकापर्यंत छापून येतो, जणू कुणी चेंबरला मीटर लावून मोजलाय. मला खटकतं ते हेच.

म्हणून केस स्वतः मोजायची. आपल्याच रायफलमधून उडालेली, रीसाइज न केलेली (साच्यात दाबून मूळ मापावर न आणलेली) घ्यायची, जुना प्रायमर आतच राहू द्यायचा. रिकामी तोलून ड्रॉपरने पाणी भरायचं, टिचकी मारून बुडबुडे वर काढायचे. तोंडाशी पाण्याचा फुगवटा येतो, तो टिश्यूच्या टोकाने काठाबरोबर सपाट करायचा आणि पुन्हा तोलायचं. चार-पाच केसची सरासरी घेतली की पुरे. काम किचकट आहे, पण हे टाळणाऱ्याने प्रोग्राममधल्या दाबाच्या आकड्याकडे बघूच नये, असं माझं मत.

एवढं करूनही पावडरचा लॉट बदलला की जळण्याचा वेग थोडा बदलतो. मग क्रोनोग्राफवरचा (बुलेटचा वेग मोजणारं यंत्र) वेग जुळेपर्यंत प्रोग्राममधला बर्न रेट मागेपुढे करायचा, हा रूढ उपाय. तो मीही करतो, पण जपून. वेग जुळवायला प्रोग्राममध्ये खुंट्या, म्हणजे बदलता येणारे आकडे, अनेक आहेत. वेगवेगळ्या खुंट्या पिळून तोच वेग आणता येतो, दाब मात्र दरवेळी निराळा निघतो. तेव्हा वेग जुळला म्हणून दाबही जुळला, असं धरू नये.

मॅन्युअलंही एकमेकांशी जुळत नाहीत. एकाचा मॅक्स (पावडरचं कमाल वजन) दुसऱ्यापेक्षा ग्रेनभर कमी निघतो, कारण नळी, पितळ, लॉट सगळंच वेगळं. पण त्यामागे कुणीतरी खरोखर चाचणी करून पाहिलेली असते. म्हणून माझी सुरुवात पुस्तकातल्या स्टार्टिंग चार्जपासून (सुरुवातीचं पावडरचं वजन), तो दिला नसेल तर मॅक्सच्या दहा टक्के खालून. तिथून थोडं थोडं वर. वेग किती यायला हवा ते प्रोग्रामला आधी विचारून ठेवतो. पुस्तकातला कमाल वेग कमी पावडरमध्येच गाठला गेला, तर प्रोग्राम काही म्हणो, मी तिथेच थांबतो. जास्त दाबाने प्रायमर चपटा दिसण्याची वाट पाहत नाही, ती खूण अनेकदा उशिरा दिसते.

दोन प्रोग्रामांतच निवडायचं असेल तर जीआरटी फुकट आहे, आधी ते वापरून पाहा. क्विकलोडला पैसे पडतात आणि त्याचा चेहरामोहरा जुन्या विंडोजच्या जमान्यातला आहे. ज्यांना त्याची सवय आहे त्यांना ते सोडवत नाही, हेही खरं. वाइल्डकॅट (कारखान्यात न बनणारं, हौशी लोकांनी घडवलेलं) काडतूस किंवा अगदी आखूड नळी असेल, तर प्रोग्रामवाचून तुमचं अडेल. बाकीच्यांनी तेच पैसे बऱ्या क्रोनोग्राफला आणि दुसऱ्या एका मॅन्युअलला घालावेत, असं मला वाटतं. पुस्तक आणि प्रोग्राम यांचे मॅक्स वेगळे आले, तर मी दोन्हींतला खालचा धरतो.