ऑइल कूलरच्या नावाखाली गेलेले १,१३५ डॉलर

नोव्हेंबरात ६४०, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात १८५ आणि नाताळच्या तोंडावर ३१०. एकूण १,१३५ कॅनेडियन डॉलर, तिन्ही वेळा ई-ट्रान्सफरनं, म्हणजे बँकेतून समोरच्याच्या ईमेलवर. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी खरा आकडा सांगायला मला तीन आठवडे लागले.

माझ्याकडे यामाहा नायट्रो आहे, बर्फावर चालणारी गाडी, म्हणजे स्नोमोबाइल. १,०४९ सीसी, तीन सिलिंडर, फोर-स्ट्रोक, मागाहून सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) बसवलेली. अशी स्नोमोबाइल चालवणाऱ्यांना ऑइलचं दुखणं वेगळं सांगायला नको. रेव्हलस्टोकला बोल्डर माउंटनवर कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात चढ चढताना थ्रॉटल पूर्ण दाबलेला आणि गाडी मात्र रखडत चाललेली. कूलंटचं तेव्हा फारसं बिघडत नाही, कारण ट्रॅकनं, म्हणजे खालच्या रबरी पट्ट्यानं, उडवलेला बर्फ त्यावरच्या टनेलमधल्या कूलंटच्या कूलरवर आपटत राहतो. इंजिनचं ऑइल थंड करणाऱ्या ऑइल कूलरला मात्र हवाच लागते आणि नेमकी तेव्हाच ती मिळत नाही. हुडच्या जाळ्या बर्फानं लिंपून जातात, आत एक्झॉस्टची धग कोंडते. गेल्या फेब्रुवारीत मीटरवर १३४ अंश पाहिले आणि पोटात गोळा आला. इतकं तापलेलं ऑइल पातळ होतं, प्रेशर उतरतं आणि शेवटी बेअरिंग जातात. त्यात यामाहानं २०२३ मध्येच सांगून टाकलं की त्यांच्या स्नोमोबाइलचं २०२५ चं मॉडेल शेवटचं. इंजिन गमावून चालणार नव्हतं, म्हणून घाई केली.

मोठ्या ऑइल कूलरची एक जाहिरात दिसली. त्यात किट होतं: मोठा प्लेटवाला कूलर, हवा आत नेणारा हुडला बसणारा डक्ट, थंड ऑइल कूलरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट, तयार होज. विकणारा माणूस ब्रिटिश कोलंबिया प्रांतातला. माझं आडनाव पाहून थेट मराठीत बोलायला लागला. “दादा, आपल्या माणसाकडून जास्त कशाला घेऊ? अर्धेच आधी द्या.” परक्या मुलखात चार वाक्यं मराठीत ऐकली की माणूस सैल पडतो, आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. प्रश्नही बरोबर विचारले त्यानं: लाइन केवढी आहे, सुपरचार्जरचा बेल्ट कुठून जातो, हुडखाली किती जागा उरते. अडाणी माणूस असे प्रश्न विचारत नाही, असं मला वाटलं. आजही वाटतं की तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

आता त्यानं पाठवलेला तो व्हिडिओ. अडतीस सेकंदांचा. ऑइलचा आकडा १२७ वरून ९८ वर येतो. “चालत्या गाडीवरचं माप आहे, दादा.” डक्टच्या तोंडाशी लाल रिबीन बांधलेली, ती आतल्या बाजूला ताणून फडफडतेय, म्हणजे हवा जोरात आत शिरतेय. आणि खालच्या कोपऱ्यात बर्फ दिसतोय. स्थिर. त्यावर बुटाचा एक ठसा आहे आणि तो पूर्ण अडतीस सेकंद जागचा हलत नाही.

बायकोनं खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, “अरे, गाडी उभीच आहे ना ही?”

मी म्हणालो, वारा असेल. तीन वेळा व्हिडिओ पाहिला, तिन्ही वेळा तो ठसा पाहिला, आणि ६४० डॉलर पाठवले. आता कळतं, समोर कुठेतरी मोठा पंखा लावला होता, बाकी काही नाही. उभ्या गाडीवर, इंजिनावर कसलाही भार नसताना पंखा मारला तर ऑइल थंड होणारच! शिवाय त्या हुडला हवा बाहेर जायला वाटच नव्हती. माझं रोजचं काम घरांच्या हीटिंगचे डक्ट बसवण्याचं आहे. रिटर्न (हवा परत जायची वाट) नसेल तर सप्लाय (हवा आत येणं) चालत नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. तेच मला दिसलं नाही, हे सगळ्यात जास्त झोंबतं.

१८५ ब्रॅकेटचे आणि पावडर कोटिंगचे. ३१० “कूलर सीमेवर अडकलाय” म्हणून. जानेवारीत खोकं आलं. आत जुना, फिन वाकलेला छोटा कूलर, काळा रंग फासलेला. थर्मोस्टॅट नाहीच. होज हीटरची, कूलंटची. गरम ऑइलमध्ये ती फुगून फाटते. मी कूलरमध्ये सॉल्व्हंट ओतून पांढऱ्या बशीत उलटा केला. बशीच्या तळाशी चमचमणारी धातूची कणी बसली. कुणाच्या तरी फुटलेल्या इंजिनाचा कूलर होता तो. न पाहता जोडला असता तर तीच कणी माझ्या बेअरिंगमध्ये गेली असती. वापरलेला कूलर फुकट मिळाला तरी घेऊ नका, प्लेटांमधली कणी पूर्ण निघत नाही.

बँकेत ४७ मिनिटं फोन धरून बसलो. उत्तर: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, समोरच्यानं स्वीकारलेत, आता परत येत नाहीत. पोलीस म्हणाले, वस्तू आली ना, मग हा दिवाणी मामला. विक्रेता दुसऱ्या प्रांतातला, तिकडे बोला. तिकडचे म्हणाले, तुम्ही राहता तिथे तक्रार द्या. मी पुन्हा इथे आलो, तर काउंटरवरच्या बाईंनी तोच फॉर्म पुन्हा पुढे केला, आधीचा सापडत नाही म्हणून! व्हिडिओ दाखवतो म्हटलं, तो पाहायलाही कुणी तयार नाही. फसवणूक नोंदवायच्या सरकारी नंबरवर मला एक फाइल नंबर मिळाला. दोन महिने झाले, त्या नंबरापलीकडे काही नाही. कर आमच्याकडून वेळेवर घेता, मग अडतीस सेकंद द्यायला काय हरकत होती?

पैसे देण्याआधी खरं नाव आणि पत्ता घ्या. ब्रिटिश कोलंबियात ५,००० डॉलरपर्यंतचे दावे ऑनलाइन दाखल करता येतात, पण दावा लावायला समोरचा माणूस कोण ते सांगावं लागतं. माझ्याकडे फक्त ईमेल आहे. चालत्या गाडीचा व्हिडिओ मागा, त्यात वेग, आरपीएम आणि ऑइलचं तापमान एकाच चौकटीत दिसू दे. हवा कुठून बाहेर पडते ते विचारा. उत्तर नसेल तर तिथेच थांबा. थर्मोस्टॅट नसलेला मोठा कूलर उणे २० मध्ये उलटा घात करतो, ऑइल तापतच नाही आणि आतला ओलावा उडत नाही. आणि “आपला माणूस” ऐकलं की फोन ठेवा.

परवा जाहिरात पुन्हा लागली आहे. नाव वेगळं, किंमत ९५०, व्हिडिओ तोच. लाल रिबीन आणि खालच्या कोपऱ्यात बुटाचा ठसा दिसला तर तो हाच माणूस.