क्विन्सीतलं अ‍ॅडम्स घराणं बघून आलो, बॉस्टनला असाल तर जाच

बाबा भारतातून आलेले आणि त्यांना इतिहास म्हटलं की बाकी काही नको, म्हणून रेड लाइनने क्विन्सी सेंटरला उतरून अ‍ॅडम्स नॅशनल हिस्टॉरिकल पार्क बघितलं. जॉन अ‍ॅडम्स आणि त्याचा मुलगा, बापलेक दोघंही अमेरिकेचे अध्यक्ष, त्यांची जन्मघरं शेजारीशेजारी, साधी लाकडी. पण मला खरा आवडला तो मुलगा, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स.

त्याची अध्यक्षकीच भांडणातून सुरू झाली हो. १८२४ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी अँड्र्यू जॅक्सनला ९९ इलेक्टोरल मतं (राज्यांच्या प्रतिनिधींची, अध्यक्ष ठरतो तो यांवर), याला ८४, बहुमत कुणालाच नाही, मग निकाल हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात लागला आणि हा निवडून आला. नंतर त्याने तिथे त्याला पाठिंबा देणारा हाऊसचा स्पीकर हेन्री क्ले यालाच परराष्ट्रमंत्री केलं, झालं, जॅक्सनवाल्यांनी "सौदा झाला" म्हणून जी बोंब ठोकली ती चार वर्षं थांबली नाही. रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा, केवढं मागितलं होतं त्याने संसदेला दिलेल्या पहिल्याच संदेशात! काही रस्ते-कालवे झाले पण विद्यापीठ नाही की वेधशाळा नाही. अमेरिका खंडातल्या देशांच्या पनामाच्या परिषदेला माणसं पाठवायची तरी सिनेटने इतका घोळ घातला की ती वेळेत पोचलीच नाहीत. पुढे तर दोन्ही सभागृहं विरोधकांकडे गेली, असं अध्यक्षाच्या बाबतीत पहिल्यांदाच झालं. क्लेला पद देणं ही त्याची मोठी चूक होती असं मला वाटतं, बाबांना पटत नाही, परतीच्या ट्रेनमध्ये आमचा तोच वाद.

१८२८ ला हरला तरी घरी बसला नाही, ज्या हाऊसने नाकी नऊ आणले तिथेच साधा सदस्य म्हणून गेला, १८३१ पासून मरेपर्यंत. गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा नियम होता, तो १८४४ ला रद्द होईपर्यंत लढला. १८४८ ला तिथेच बाकावर कोसळला आणि दोन दिवसांनी त्याच इमारतीत वारला.

आमच्यासाठी सगळ्यात भारी म्हणजे बागेतली दगडी लायब्ररी, १८७० ची. पुस्तकांना आग लागू नये म्हणून वेगळी दगडी इमारत बांधा असं त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवलेलं. वरपर्यंत नुसती पुस्तकं, बाबा तर बोलायचेच थांबले. १८२४ च्या निवडणुकीबद्दल आधी थोडं वाचून जा, घर बघताना खूप फरक पडतो. आणि स्टेशनजवळच्या चर्चच्या तळघरात बापलेक दोघंही आपापल्या बायकांशेजारी पुरलेत, तेही चुकवू नका.